नरहरपंतांचं जांभळं पान

रविवारी सकाळी हिंगणघाटहून येणारी मोटार वडनेरच्या फाट्यावर थांबली की कंडक्टर टपावरून एक गठ्ठा खाली सोडायचा. नागपूरचं साप्ताहिक. किराणा दुकानवाले बंडूजी तो गठ्ठा पाहुण्याच्या पोरासारखा कडेवर घेऊन दुकानात आणत, सुतळी सोडत, आणि प्रत्येक अंकाच्या पोटात एकेक जांभळं पान सारत. ते पान नागपूरचं नव्हतं. ते वडनेरचंच होतं, आणि ते लिहिणारे नरहरपंत त्या वेळी दुकानाच्या ओट्यावर, आपण जणू सहजच इकडे आलो, असा चेहरा करून बसलेले असत.

नरहरपंत गावाबाहेरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. कापसाच्या गाड्या यायच्या, त्या काट्यावर चढवायच्या, गाडीवानाचं नाव, गाव आणि वजन लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. आता काटा काही लगेच थांबत नाही. तो डुलत असेतोवर पंत गाडीवानाशी बोलत. "येरल्याचा ना तू? बाबारावांची म्हैस व्याली का?" काटा थांबायच्या आत येरल्याची म्हैस, पोहणा गावच्या नदीचं पाणी, शेकापूरच्या लग्नातला रुसवा, सगळं पंतांच्या कानात जमा झालेलं असे. एवढं ऐकून माणूस किती दिवस पोटात ठेवणार? पंतांनी एक हंगाम ठेवलं. दुसऱ्या हंगामाला त्याचं पान झालं.

पान छापायचं यंत्र म्हणजे एक परात. जिनातल्या नोटिसांच्या नकला काढाव्या लागत, म्हणून मालकाने वर्ध्याहून माणूस आणवून पंतांना ती विद्या शिकवली होती. सरस भिजत घालायचा, ग्लिसरीन घालून शिजवायचा, आणि परातीत ओतून खरवसासारखा थिजू द्यायचा. जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर पालथा घातला की अक्षरं सरसात उतरतात. मग कोरे कागद एकामागून एक दाबून उचलत जायचे. पहिले गडद निघतात, मधले बरे, आणि शेवटचे असे फिकट की वाचणाऱ्याने श्रद्धेनेच वाचावे. सगळ्यात फिकट पान पंत स्वतःला ठेवत. त्यांना काय, पाठच होतं.

परात त्यांच्या बायकोची, सुनीतीबाईंची. माहेराहून आलेली. सरस पडला जनावराच्या कातड्याचा, तो स्वयंपाकघरात येणं शक्यच नव्हतं. म्हणून मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, आणि परात जी घराबाहेर पडली ती कायमची. "माझ्या आईनं दिलेली परात वाळीत टाकली तुम्ही," असं सुनीतीबाई दर शनिवारी म्हणत, आणि म्हणता म्हणता सरस स्वतःच ढवळत. पंतांनी ढवळला तर गुठळ्या व्हायच्या. "मेला सरस का असेना, गुठळ्या मला पाहवत नाहीत."

पानाच्या डोक्यावर 'वडनेर वर्तमान' असं ठसठशीत नाव असे, पण ते नाव पंतांशिवाय कोणी घेत नसे. लोक त्याला जांभळं पान म्हणत. त्यात काय असायचं? "येरल्याचे बाबाराव यांची म्हैस व्याली. पारडी आहे. दोघींची प्रकृती उत्तम." "पोहण्यास नदीला गुडघाभर पाणी. बैल जातो. सासूबाईंना तूर्त पाठवू नये." "शेकापूरच्या अनुसयाबाईंचा गुडघा बरा आहे. पायऱ्या चढतात. उतरताना अजून नावं घेतात, ती येथे देता येत नाहीत."

आणि हे पान ज्या अंकात बसून जाई, त्यात लिहिणारी मंडळी केवढी! गुलछबू नावाचा एक लेखक होता, तो पहिल्याच पानावर चिमटे काढायचा. त्याचा चिमटा बसला की हिंगणघाटपासून गोंदियापर्यंत लोक हसत, असं म्हणायचे. दुसरी कुमारी मंजिरी. तिची कादंबरी तीन वर्षं चालू होती आणि नायिका अजून जिन्यातच उभी होती. तरी लोक थांबले होते. पंतही थांबले होते. गुलछबूचा लेख तर ते दोनदा वाचत, एकदा हसायला आणि एकदा त्याने हे कसं केलं ते बघायला. त्यांना त्याचा हेवा नव्हता असं म्हणणं खोटं होईल. पण ज्याच्या जेवणाचा हेवा वाटतो त्याच्याच पंगतीला आपल्यालाही पाट मिळावा, तसा तो हेवा होता. बंडूजी पान फुकटात अंकात सारतात, हे उपकार पंत विसरत नसत.

एकदा त्यांनी गुलछबूसारखं लिहून पाहिलं. मामलेदाराच्या टोपीवर चांगले दोन चिमटे काढले. मंगळवारी तानबा गाडीवान काट्यावर गाडी चढवून बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"पंत, तब्येत बरी नाई का जी तुमची?"

"काऊन रे?"

"नाई, गिरजावैनी वाचून दाखवून राह्यली होती. म्हने, पंताले ताप आला असंन."

पंतांनी पुन्हा तो नाद केला नाही. गिरजावैनी म्हणजे बंडूजींची बायको. ती वाचते हे कानावरून गेलं, पण चिमटे वाया गेल्याच्या दुःखात पंतांनी ते मनावर घेतलं नाही.

सत्तावन सालचा जानेवारी लागला. संक्रांत होऊन गेली होती. राज्यांची अदलाबदल होऊन नागपूरची राजधानी गेली होती, आणि गुलछबू त्यावर दर आठवड्याला असा काही लिहीत होता की अंक येण्याआधीच ओट्यावर गर्दी. वाचून दाखवायचं काम पुंडलिकरावांचं. ते कापडाचे दुकानदार, आवाज मोठा, आणि स्वतःच्याच वाचण्यावर आधी हसायची सवय. त्या रविवारी ते आले, अंक घेतला, उघडला, आतून जांभळं पान खाली पडलं. बंडूजींनी नुकताच ओट्यावर पाण्याचा सडा मारला होता. पुंडलिकरावांनी ओला ओटा पाहिला, पांढरंशुभ्र धोतर पाहिलं, आणि ते पान अंथरून त्यावर बैठक मारली. मग गुलछबू सुरू झाला.

पंत समोरच बसले होते. बोलणार काय, आपल्या पानावरून उठा म्हणून?

लेख संपला, पुंडलिकराव उठले, आणि ओट्यावर जो हशा उठला तो गुलछबूच्या वाट्यालाही कधी आला नव्हता. शाई ओली झाली होती. पुंडलिकरावांच्या धोतरावर, जिथे उमटायला नको तिथे, सगळं वर्तमान उलट्या अक्षरांनी उमटलं होतं.

"पुंडलिकराव, जरा थांबा जी," कोणीतरी म्हणालं, "येरल्याची बातमी वाचाची राह्यली."

"आरसा आना लेका, उलटं हाय."

"मागून पाह्यलं तं चालंन, उभे राहा."

पंतही हसले. हसणं भागच होतं. पण घरी येताना त्यांच्या तोंडाची चव गेली होती. राग पुंडलिकरावांचा नव्हता. पान खाली पडलं ते कोणी उचलून बघितलंही नाही, हे लागलं होतं. इतकी वर्षं आपण गुलछबूच्या पंगतीला बसलो असं समजत होतो, आणि लोकांनी आपल्याला पाट समजून खाली घेतलं.

"माझं पान वाचतं तरी कोण?" त्यांनी जेवताना विचारलं.

"तुम्ही वाचता," सुनीतीबाई म्हणाल्या. "लिहिण्याआधी, लिहिताना, आणि छापून झाल्यावर. एका पानाला तीन वाचनं झाली की."

"थट्टा नका करू. मी ठरवलं आहे. येत्या रविवारी पान काढणार नाही. दुकानात जाऊन बसीन. एकानं, फक्त एकानं जरी विचारलं, पंत पान कुठे, तर जन्मभर काढीन. नाही विचारलं कुणी, तर सरस खरवडून टाकायचा आणि परात तुम्हाला परत."

"मला काय करायची आता ती परात? तिच्यात कणीक मळली तर कोणी जेवेल का माझ्या घरी?" सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "खरंच बंद करून राहिले का?"

"त्यांच्या हाती आहे. माझ्या नाही."

त्या आठवड्यात पंतांनी काट्यावर नेहमीसारख्या बातम्या ऐकल्या, कारण कान काही बंद होत नाहीत, पण शनिवारी शाई काढली नाही. सुनीतीबाईंनी सवयीने चूल पेटवली, मग आठवण होऊन विझवली. घरात सुतक असावं तशी ती संध्याकाळ गेली.

रविवारी मोटार आली. बंडूजींनी गठ्ठा सोडला आणि पंतांकडे हात पुढे केला. पंतांचे हात रिकामे. बंडूजींचा हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग आत जाऊन ते पंतांसाठी चहा घेऊन आले, आणि तोही दुधाचा. पंतांना वाटलं, सुटलो एकदाचे म्हणून खूष झालेत.

माणसं आली. एकेकाने अंक घेतला, झटकून पाहिला, पुन्हा झटकला. पंत एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. आता विचारेल, आता विचारेल. कोणी विचारलं नाही. उलट नजर चुकवून लोक बाजूला सरकत होते. पुंडलिकरावांनी गुलछबू वाचला, पण त्या दिवशी त्यांचा आवाजच लागेना, हसूही अर्ध्यावर राहिलं. तानबा तेवढा पंतांजवळ आला, उगाच पायातली वहाण काढून पुन्हा घातली.

"पंत, सगडं बरं हाय ना जी?"

"बरं आहे रे. काऊन?"

"काई नाई. असंच पुसलं," म्हणून तो निघाला तो मागे न बघता.

ओटा रिकामा झाला. पंत घरी आले, टोपी खुंटीला लावली.

"कोणी नाही," ते म्हणाले.

त्या दिवशी सुनीतीबाईंनी त्यांच्या पानात न विचारता तूप जास्त वाढलं.

सोमवारी पंत जिनात गेले. गाड्या आल्या, काटा डुलला, पंतांनी नाव-गाव लिहिलं आणि मान खाली घातली. म्हैस व्याली असेल तर व्याली असेल. गाडीवानही गप्प. काटा डुलत असताना एवढी शांतता त्या जिनात कधी झाली नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर ते मागच्या अंगणात गेले आणि परातीपुढे उलथणं घेऊन बसले. खरवडायचं म्हणून बसले, पण हात चालेना.

तेवढ्यात पुढच्या दाराशी कोणीतरी आलं. देवकाबाई. बंडूजींची आई. डोक्यावरून पदर, पाय दाराबाहेरच. एरवी ही बाई आवाज आधी पाठवायची आणि मागून स्वतः यायची. आज चोरपावलाने आली होती.

"या ना आत," सुनीतीबाई म्हणाल्या. "तिळगूळ आहे अजून."

"नाई बाई, बसत नाई. पंत हायत का घरी?"

पंत उलथणं हातात घेऊनच बाहेर आले.

देवकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उंबऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पंत, मले सांगा. मी म्हातारी हाव, मी सहीन. कोनाच्या घरचं हाय?"

"काय कोणाच्या घरचं?"

"कोन गेलं?"

पंतांना काही उमगेना. "कुठे गेलं?"

"लपवू नोका जी. पान नाई आलं ना तुमचं."

आणि तेव्हा नरहरपंतांच्या हातातलं उलथणं खाली आलं.

त्यांची स्वतःचीच रीत होती ती. पान सुरू केलं तेव्हापासूनची. आपल्याकडे कोणी गेलं की निरोप माणसाने आणायचा असतो. माणूस येतो, अनवाणी, दाराबाहेर उभा राहतो, पाणी पीत नाही, आणि सांगतो. लेकीला बाप गेल्याचं कागदावरून कळू नये, गुळाच्या पुड्याबरोबर आलेल्या कागदावरून तर नाहीच, असं पंतांचं म्हणणं. म्हणून आसपासच्या गावात कोणी गेलं आणि वडनेरातल्या घराला निरोप पोचायचा असला, तर त्या रविवारी ते पानच काढत नसत. असं आधी दोन-तीनदा झालं होतं. रविवारी पान आलं नाही, आणि सोमवारी कोणाच्या तरी दारात अनवाणी माणूस उभा राहिला. पंतांनी ही रीत कोणाला सांगितली नव्हती. सांगायची गरजच पडली नाही. बायकांनी ती केव्हाच ओळखली होती. आणि ज्याची रीत, तोच रुसण्याच्या भरात ती साफ विसरला होता.

"मागच्या पानात तुमीच लेहलं होतं," देवकाबाई सांगत होत्या, "येरल्याचे बाबाराव खोकल्यानं निजून हायत म्हनून. आमच्या गिरजाचा बाप ना थो. कालपासून पोरीनं घास नाई घेतला. बंडू म्हने गाडी जुंपतो, जाऊन पाह्यतो. मी म्हनलं थांब, पंताले पुसून येतो. त्याची तं हिंमतच नाई झाली पुसाची. आन् आमचीच एक नाई बाप्पा, गल्लीतल्या साऱ्या सुना कालपासून दाराकडे पाहून राह्यल्या. जिले तिले वाटते आपल्याच माहेरचं हाय. पुंडलिकरावची लेक पोहण्याले देली, ते बी काल जेवले नाईत म्हने."

पंतांना रविवारचा ओटा पुन्हा दिसला. दुधाचा चहा. झटकलेले अंक. अर्ध्यावर राहिलेलं हसू. कोणीच विचारलं नव्हतं, कारण विचारलं की उत्तर येतं.

"कोणी गेलं नाही हो," ते कसंबसं म्हणाले. "शपथ घेतो. कोणी गेलं नाही."

"मंग पान काऊन नाई काढलं?"

पंत खाली बघू लागले. सुनीतीबाईच बोलल्या. "रुसले होते."

"कोनावर?"

"गुलछबूवर."

देवकाबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "थो कोन?"

पंतांनी मान वर केली. हिंगणघाटपासून गोंदियापर्यंत ज्याने लोकांना हसवलं, तो गुलछबू या बाईला माहीत नव्हता. मुलाच्याच दुकानात दर रविवारी त्याचा गजर चालायचा, आणि तिच्या कानावर नावसुद्धा नव्हतं. "तुम्ही साप्ताहिक वाचत नाही?"

"मले कुठं वाचता येते? आन् थे पेपर घरी येतेच कधी? मानसं वाचते ओट्यावर, मंग त्यात हळद बांधते बंडू. घरात येते थे तुमचं जांभडं. मानसं आनून देते, गिरजा वाचते, चौथी शिकली ना थे. सोमवारी दुपारी आमच्या घरी बायका तूर निवडाले बसते, तवा वाचते. एकदा नाई, ज्या गावचं असंन त्या गावची बाई म्हनते अजून एकदा वाच." देवकाबाई थांबल्या. मग, आता भीती गेल्यावर, त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आन् तुमी रुसून बसले. म्हाताऱ्या मानसाले शोभते का?"

पंत बेचाळीस वर्षांचे होते. पण त्या वेळी त्यांनी म्हातारपण निमूट मान्य केलं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. कोणी गेलं नाही हे शनिवारपर्यंतचं. बाबारावांचं आजचं काय? आज काट्यावर येरल्याचा कापूस घेऊन तानबाची गाडी आली होती, आणि पंतांनी मान खाली घातली होती. त्यांनी टोपीसुद्धा घेतली नाही. तसेच तानबाच्या घरी गेले. तानबा बैलांना वैरण टाकत होता. दारात पंत बघून त्याचा चेहरा उतरला.

"नाही रे बाबा, मी काही सांगायला नाही आलो. विचारायला आलो. येरल्याचे बाबाराव कसे आहेत?"

तानबाने वैरणीची पेंडी खाली ठेवली आणि मोठा श्वास सोडला. "पंत, आज काट्यावर पुसलं असतं तं तवाच सांगतलं असतं. तुमी बोलेच नाई, मंग मले वाटलं तुमाले माह्यापेक्षा जास्त माहीत हाय. बाबाराव बरे हायत. सकाडी उठून कापूस वेचनाऱ्या बायांवर वरडाले वावरात गेलते. पोरानं धरून घरी आनलं."

"वरडले? मोठ्यानं?"

"पार बांधापलीकडं ऐकू आलं."

एवढी चांगली बातमी पंतांना कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. ते जवळजवळ पळतच बंडूजींच्या घरी गेले. अंगणात चार-सहा बायका निवडायच्या तुरीभोवती नुसत्याच बसल्या होत्या, सूप कोणाच्या हातात नव्हतं. गिरजा दाराच्या आड उभी होती. तिच्या पदराचं टोक तेवढं दिसत होतं. बंडूजी ओट्यावर बसले होते, ते उठले.

पंत अंगणाच्या मधोमध उभे राहिले. माणसांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, लिहायची होती. म्हणून ते लिहिल्यासारखंच बोलले. "येरल्याचे बाबाराव यांची प्रकृती सुधारली. आज सकाळी वावरात जाऊन मजुरांवर ओरडले. आवाज बांधापलीकडे ऐकू आला."

दाराआडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग गिरजा म्हणाली, "तेंचा आवाज हायच तसा."

बंडूजी खाली बसले आणि टोपी काढून उगाच आतून बघू लागले.

पंत जायला वळले, तर आतून पुन्हा आवाज आला. "आन् बाकीचं?"

"बाकीचं काय?"

"पानातलं बाकीचं. मागच्या हप्त्याचं."

आणि मग अंगणातल्या बायका एकेक बोलू लागल्या. माझ्या शेकापूरचं काय? पोहण्याचं पानी उतरलं का? अल्लीपूरच्या मामीनं सून आनली का नाई अजून? पंतांना सगळं पाठ होतं. लिहिलं नव्हतं एवढंच. ते तिथेच तुरीच्या ढिगाजवळ बसले आणि न निघालेलं पान पहिल्या ओळीपासून म्हणू लागले. अनुसयाबाईंच्या गुडघ्यापाशी हशा झाला. अल्लीपूरच्या मामीपाशी एकीने हात जोडले. एका बाईने आपलं गाव झाल्यावर म्हटलं, "अजून एकदा म्हना ना पंत," आणि पंतांनी म्हटलं. समोर हसणारी, डोळे पुसणारी, मधेच तोडून विचारणारी माणसं बसली होती. गुलछबूलाही आपले वाचणारे असे कधी समोर दिसले असतील का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि पहिल्यांदाच त्यांना गुलछबूचं वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी परातीत नवा सरस पडला. सुनीतीबाईंनी ढवळला. "माझ्या आईनं दिलेली," त्यांनी सुरुवात केली, मग म्हणाल्या, "असू द्या. तुमच्या कोणी सूनबाया जेवत असतील तिच्यावर, तर जेवू द्या." त्या पानात सगळ्यात वर पंतांनी लिहिलं: "गेल्या रविवारी पान निघाले नाही. कोणी गेलेले नाही. लिहिणाऱ्यास राग आला होता, तो गेला. ज्या घरांना त्यामुळे घोर लागला, त्या सर्वांची हात जोडून क्षमा मागतो. यापुढे पान निघणार नसेल आणि कारण माझा ताप, माझी शाई किंवा माझा स्वभाव असेल, तर तसे बंडूजींच्या दुकानात खडूने लिहून ठेवीन." आणि त्याखाली, जरा विचार करून: "हे पान नागपूरच्या थोर लेखकांच्या अंकात बसून आपल्या गल्लीपर्यंत येते. भाडे घेत नाहीत. त्यांचे आणि बंडूजींचे आभार."

हे शेवटचं बंडूजींनी वाचलं आणि म्हणाले, "माह्यं नाव लेहलं काऊन जी? मी तं फकस्त आत सारतो."

"ते आत सारणंच तर सगळं आहे," पंत म्हणाले. आणि ते मनापासून म्हणाले. माणसं मोटारीची वाट बघतात ती गुलछबूसाठी. आठ कोस तुडवून अंक न्यायला येतात ती मंजिरीची नायिका जिना चढली का ते बघायला. नुसत्या म्हशीच्या बातमीसाठी कोणी आलं नसतं. पण आली माणसं घरी जातात, आणि घरी जाताना खिशात म्हैस घेऊन जातात.

त्या रविवारी पुंडलिकराव आले. नवं धोतर. अंक उघडला, जांभळं पान खाली पडायच्या आत झेललं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"वाचत नाही का?" पंतांनी न राहवून विचारलं.

"मी कायले वाचू?" पुंडलिकराव खिशावर हात ठेवून म्हणाले. "घरी माहीत झालं का मी आधी वाचलं, तं जेवाले नाई देनार. बसा आता, आयका. आज गुलछबूनं लई भारी लेहलं म्हनते."

मग ते ओट्यावर बसले, ओटा कोरडा आहे हे हाताने तपासून, आणि वाचू लागले. गुलछबूने खरंच भारी लिहिलं होतं. नरहरपंत सगळ्यांच्या आधी हसले.